उन्हाने भाजलेल्या त्वचेची घरच्या घरी काळजी: पहिल्या तासापासून साल निघेपर्यंत

गोव्यात उन्हाने त्वचा भाजण्याचा त्रास कळंगुट-कोलव्याच्या वाळूत पहुडणाऱ्या पर्यटकांनाच होतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो आपल्या घरोघरी होतो. मिठागरात राबणारे, रापणीचे जाळे ओढणारे, वायंगणाच्या भाताची कापणी करणारे, पावसाळ्याच्या पुरुमेंतासाठी (बेगमीसाठी) अंगणात कोकमाची सोले, मिरच्या आणि मासळी वाळत घालणाऱ्या बायका, भर दुपारी म्हापसा-पणजी रस्त्यावर स्कूटर चालवणारे नोकरदार आणि सुट्टीत तासन् तास समुद्रात डुंबणारी मुले, या सर्वांची मान, हात, खांदे आणि पावलांची वरची बाजू मार्च ते मे या महिन्यांत भाजून निघते. मग घरातला प्रत्येक जण आपापला उपाय सांगतो: कोणी दही, कोणी खोबरेल, कोणी कोरफड, कोणी हळद, तर कोणी थेट टूथपेस्ट.

यांपैकी काही उपाय कधीच करू नयेत असे आहेत, पण बरेचसे उपाय वाईट नसून ते चुकीच्या वेळी केले जातात. कोकमाच्या बियांचे भिरंडेल पाचव्या दिवशी साल निघणाऱ्या कातडीला फार चांगले. तेच पहिल्या संध्याकाळी चोपडले तर आतली उष्णता कोंडून राहते आणि आग अधिकच होते. म्हणून या लेखात उपायांची यादी देण्याऐवजी, कोणत्या वेळी काय करावे आणि काय टाळावे, या क्रमाने माहिती दिली आहे.

आधी दुखणे ओळखावे

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्वचेच्या वरच्या थरातील पेशींच्या डीएनएला इजा करतात. त्या इजेला उत्तर म्हणून शरीर दाह निर्माण करणारी रसायने सोडते, तेथील रक्तवाहिन्या फुगतात आणि त्वचा लाल, गरम व दुखरी होते. ही सगळी प्रक्रिया व्हायला वेळ लागतो. ऊन लागल्यानंतर साधारण तीन ते सहा तासांनी लाली दिसू लागते, बारा ते चोवीस तासांत ती कळसाला पोहोचते, आणि पुढे तीन ते पाच दिवसांत ओसरते. दुपारी बाराला भाजलेल्या माणसाला संध्याकाळी पाचला ‘फारसे काही झालेले नाही’ असे वाटणे साहजिक आहे, पण खरा त्रास त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी अंगात शर्ट घालताना कळतो. याचाच दुसरा अर्थ असा की पेशींना झालेली इजा कोणताही घरगुती लेप परत फिरवू शकत नाही. घरी आपण दाह कमी करू शकतो, त्वचेतले पाणी टिकवू शकतो, जंतुसंसर्ग टाळू शकतो आणि रुग्णाला आराम देऊ शकतो; एवढे नीट केले तरी बहुतेकांना पुरते.

सावळ्या त्वचेला ऊन भाजत नाही, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. सावळ्या रंगामुळे संरक्षण थोडे अधिक मिळते, संपूर्ण मिळत नाही. मात्र अशा त्वचेवर लाली सहज दिसत नाही. ती जागा नेहमीपेक्षा काळपट किंवा जांभळट दिसते, ताणल्यासारखी वाटते आणि कपडा घासला तरी झोंबते. खात्री करायची असेल तर तळहाताची पाठ आधी कपड्याखाली झाकलेल्या भागावर आणि मग संशयित भागावर टेकवावी. भाजलेली जागा स्पष्टपणे गरम लागते.

रुग्ण कोणती औषधे घेतो, हेही याच वेळी विचारावे. लेप्टोस्पायरोसिससाठी किंवा मुरुमांसाठी दिले जाणारे डॉक्सीसायक्लीन, रक्तदाबासाठीचे हायड्रोक्लोरोथायझाइड, मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन अशा औषधांमुळे थोड्या उन्हातही त्वचा जोरात भाजते. थोडाच वेळ उन्हात जाऊन कोणी फार भाजले असेल, तर चालू औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

पहिला तास: पाणी, आणि फक्त पाणी

सर्वप्रथम रुग्णाला सावलीत, शक्यतो घरात आणावे. समुद्रावरून आलेल्या माणसाच्या अंगावर मीठ आणि वाळू असते. मीठ त्वचेतले पाणी शोषते आणि वाळू टॉवेलबरोबर घासली जाऊन कातडी सोलवटते. त्यामुळे न पुसता, न चोळता, आधी गोड्या पाण्याने सगळे अंग धुवावे. साबण त्या दिवशी भाजलेल्या जागी लावू नये.

येथे आपल्याकडची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. छपरावरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतले पाणी मे महिन्यातल्या दुपारी नळातून इतके गरम येते की निरोगी त्वचेलाही ते सोसत नाही, आणि घाईघाईत आपण भाजलेल्या मुलाला नेमके त्याच पाण्याखाली उभे करतो. ज्यांच्या घरी विहीर आहे त्यांनी विहिरीचे ताजे पाणी काढावे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळीच दोन बादल्या भरून न्हाणीच्या थंड कोपऱ्यात झाकून ठेवाव्यात, कारण ही तयारी दुपारी करता येत नाही. मात्र मेअखेर विहिरी तळाला जातात आणि पाणी गढूळ होते. त्वचेवर फोड किंवा चिरा असतील तर असे पाणी न वापरता उकळून गार केलेले पाणी वापरावे.

अंग धुऊन झाल्यावर ओल्या कपड्याच्या पट्ट्या सुरू कराव्यात. त्यासाठी अनेकदा धुऊन मऊ झालेला सुती पंचा किंवा जुन्या लुगड्याचा तुकडा सर्वांत चांगला. नवा टर्किश टॉवेल खरखरीत असतो. कपडा पाण्यात बुडवून हलका पिळावा, पाणी टपकणार नाही पण कपडा ओलाचिंब राहील इतपतच, आणि तो भाजलेल्या भागावर न दाबता अलगद पसरावा. दोन-तीन मिनिटांत कपडा अंगाच्या उष्णतेने कोमट होतो. पुष्कळ जण तो तसाच ठेवून देतात आणि पट्टीचा उपयोग झाला नाही असे म्हणतात. कपडा कोमट झाला की पुन्हा बुडवावा, असे दहा ते पंधरा मिनिटे करावे, आणि पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी किंवा आग वाटेल तेव्हा ते पुन्हा करावे. पंख्याच्या हलक्या वाऱ्याने पट्टी अधिक गार राहते. लहान मूल किंवा वृद्ध माणूस कुडकुडू लागला तर लगेच थांबावे.

बर्फ थेट लावू नये. भाजलेली त्वचा आधीच दुखावलेली असते, बर्फाने तिच्या रक्तवाहिन्या एकदम आकसतात आणि थंडीची दुसरी इजा होते. फ्रीजमधले पाणी नळाच्या पाण्यात मिसळून गार केले तर हरकत नाही.

पहिली संध्याकाळ आणि पहिली रात्र

पट्ट्यांनंतर अंग रगडून कोरडे करू नये. कपड्याने टिपून घ्यावे आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच तिच्यावर पाण्याचा अंश जास्त असलेले, सुगंध नसलेले साधे लोशन किंवा कोरफडीचा गर लावावा, म्हणजे तो ओलावा त्वचेतच टिकतो. कॅलामाइन लोशननेही गारवा येतो, मात्र ते वाळले की त्वचा कोरडी पडते, म्हणून ते थोडेच वापरावे.

कोरफड गोव्यात कुंपणाकडेला आणि कुंड्यांत सर्रास असते, पण ती वापरण्याची पद्धत बहुधा चुकते. पान कापले की सालीच्या लगतच्या थरातून पिवळट तपकिरी, कडू चीक पाझरतो. हा चीक पुष्कळांच्या त्वचेला झोंबतो, खाज आणतो, आणि ‘मला कोरफड चालत नाही’ म्हणणाऱ्या काही जणांना खरे तर हा चीकच चाललेला नसतो. म्हणून झाडाच्या तळाचे जाड, पिकलेले पान बुडाशी कापून, कापलेली बाजू खाली करून पेल्यात दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवावे. पेल्याच्या तळाशी पिवळा चीक जमलेला दिसेल. तो टाकून पान धुवावे, दोन्ही बाजूंचे काटेरी काठ सुरीने काढावेत, वरची साल सपाट कापून आतला काचेसारखा पारदर्शक गर चमच्याने काढावा आणि तो पुन्हा एकदा पाण्याने धुवावा. हा गर झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवून लावला की चांगला गारवा मिळतो. आधी कोपराच्या आतल्या, न भाजलेल्या भागावर थोडा लावून पाहावा आणि खाज सुटली नाही तरच पुढे वापरावा. उरलेला गर दुसऱ्या दिवशी वापरू नये, ताजा काढावा; फुटलेल्या फोडांवर तर घरचा गर मुळीच नको.

दही किंवा थंड दूध यांविषयी माझे मत असे आहे की अखंड त्वचेवर त्यांनी अपाय होत नाही, गारवाही मिळतो, पण स्वच्छ पाण्याच्या पट्टीपेक्षा फार अधिक काही मिळत नाही. ज्यांना वापरायचे असेल त्यांनी थंड दुधात भिजवलेला कपडा दहा मिनिटे ठेवून नंतर त्वचा पाण्याने पूर्ण धुवावी, नाहीतर दमट हवेत ते लवकर आंबते. तवशाच्या (काकडीच्या) थंड चकत्यांबद्दलही हेच म्हणता येईल.

वेदना आणि सूज कमी करण्यासाठी प्रौढांनी पहिल्या दिवशीच, शक्य तितक्या लवकर, आयबुप्रोफेन घेतल्यास फायदा होतो. मात्रा ४०० मिलिग्रॅमपर्यंत, पोटात अन्न असताना, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचे अंतर ठेवून, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसभरात १२०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. मूत्रपिंडाचा विकार, पोटातील अल्सर, दमा, रक्त पातळ करणारी औषधे किंवा गर्भारपण असेल तर ते टाळून पॅरासिटामॉल घ्यावे. शरीरातील पाणी फार कमी झाले असेल किंवा तापामागे डेंगीची शंका असेल, तेव्हाही आयबुप्रोफेन घेऊ नये. मुलांना ॲस्पिरिन कधीही देऊ नये.

भाजलेल्या त्वचेकडे शरीरातील पाणी ओढले जाते आणि उन्हात घामही गेलेला असतो, त्यामुळे पुढचे दोन दिवस पोटात पाणी जाणे लेपाइतकेच महत्त्वाचे आहे. शहाळ्याचे पाणी उत्तम, पण त्यात सोडियम कमी असते, आणि घामातून जाते ते मुख्यतः सोडियमच. म्हणून त्याच्या जोडीला मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज द्यावी. पाणी, मीठ आणि पचायला हलके अन्न हे तिन्ही एका वाटीत मिळते, आणि आजाऱ्याला पेज देण्याची आपली जुनी सवय इथे पूर्णपणे योग्य ठरते. सोलकढी आणि कोकम सरबतही चालेल. फार घाम गेला असेल तर ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात कालवावे. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. लघवी फिकट पिवळी होईपर्यंत पीत राहावे. फेणी, हुर्राक आणि बिअर या दिवसांत घेऊ नये, कारण दारूने लघवी वाढते आणि शरीर आणखी कोरडे पडते. हुर्राकाचा हंगाम आणि कडक उन्हाचे महिने एकच असल्यामुळे हे मुद्दाम सांगावे लागते.

रात्री स्वच्छ सुती चादर, सैल सुती कपडा आणि पंखा एवढेच असावे. पाठ भाजली असेल तर पालथे किंवा कुशीवर झोपावे. पाय भाजून सुजले असतील तर ते उशीवर थोडे उंच ठेवावेत.

काय लावू नये

खोबरेल, तूप, पेट्रोलियम जेली, लोणी आणि सर्व प्रकारचे स्निग्ध पदार्थ पहिले दोन-तीन दिवस दूर ठेवावेत. त्वचा हाताला गरम लागते तोवर तिच्यावर तेलाचा थर नको. लिंबू कधीही लावू नये. लिंबाच्या सालीतील आणि रसातील द्रव्ये उन्हाशी मिळून त्वचेवर स्वतंत्र भाजल्यासारखे फोड आणि महिनोन् महिने न जाणारे काळे डाग निर्माण करतात. माडाच्या सुरेचे किंवा बाजारचे व्हिनेगर, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट हेही झोंबणारे पदार्थ आहेत. हळदीने त्वचा पिवळी होते आणि खालची लाली किंवा पू दिसेनासा होतो, म्हणून ती नको. उटणे, दगडाने घासणे, दाढी करणे आणि मेण लावून केस काढणे हे सगळे त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत थांबवावे. पुरुमेंताच्या दिवसांत मिरच्या किंवा सोललेल्या काजूबियांना लागलेले हात भाजलेल्या जागी लागणार नाहीत, याचीही काळजी घ्यावी. काजूच्या टरफलातील तेल तर निरोगी कातडीलाही फोड आणते.

मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मागितली की हातात दिली जाणारी स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांची मिश्र मलमे ही मला सर्वांत चिंतेची गोष्ट वाटते. दोन दिवस बरे वाटते, मग तीच नळी चेहऱ्यावर महिनोन् महिने वापरली जाते आणि त्वचा पातळ होते. तसेच बेंझोकेनसारखी बधिर करणारी मलमे ॲलर्जी आणू शकतात. यांपैकी काहीही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नये.

फोड आले तर

पाण्याने भरलेले फोड म्हणजे इजा त्वचेत अधिक खोल गेली आहे. फोडाची वरची पातळ कातडी हीच त्या जागेची सर्वांत चांगली पट्टी असते, त्यामुळे तो सुईने किंवा नखाने फोडू नये. आपोआप फुटला तर सौम्य साबण आणि स्वच्छ पाण्याने हलके धुवावे, सुटलेली साल ओढू नये, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन न चिकटणारी जाळीदार पट्टी सैल बांधावी आणि ती रोज बदलावी. येथे जेली चालते, कारण जखम ओलसर राहिली की लवकर भरते. तेलाचा थर टाळण्याचा नियम गरम पण अखंड त्वचेसाठी आहे. आपल्या दमट हवेत पट्टी घामाने भिजते. भिजलेली पट्टी संध्याकाळपर्यंत तशीच ठेवू नये. जखमेभोवती लाली पसरू लागली, पू किंवा वास आला, तर डॉक्टरांकडे जावे.

घरी थांबू नये अशी लक्षणे

एक वर्षाखालील बाळाला ऊन भाजले असेल, चेहऱ्यावर, हातांवर, जननेंद्रियांवर किंवा अंगाच्या मोठ्या भागावर फोड आले असतील, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर असेल, थंडी वाजत असेल, उलट्या होत असतील, किंवा डोळे दुखून उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. माणूस असंबद्ध बोलत असेल, चालताना झोक जात असेल, अंग चटका बसण्याइतके तापले असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तो उष्माघात असू शकतो. त्यात मिनिटे महत्त्वाची असतात: १०८ ला फोन करावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत झोपवून अंगावर पाणी ओतत, जोरात वारा घालत राहावे. पूर्ण शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

साल निघू लागल्यावर

तिसऱ्या दिवसापासून आठवड्याभरात त्वचा खाजू लागते आणि साल सुटते. निकामी झालेल्या पेशी शरीर टाकून देत असते, त्यात बिघडलेले काही नाही. पण साल ओढून काढली तर खालची कोवळी कातडी उघडी पडते. लोंबणारे टोक बारीक कात्रीने कापावे, बाकीचे आपोआप गळू द्यावे.

खाज फार असेल तर ओट्सचा उपयोग होतो. साधे ओट्स मिक्सरमध्ये पिठाइतके बारीक करावेत. पेलाभर पाण्यात एक चमचा पीठ ढवळल्यावर पाणी दुधाळ झाले तर ते पुरेसे बारीक आहे, तळाशी बसले तर पुन्हा फिरवावे. बादलीभर गार पाण्यात दोन मुठी पीठ ढवळून ते तांब्याने अंगावर घ्यावे आणि दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवावे. फरशी निसरडी होते, म्हणून वृद्धांना पाटावर बसवावे.

आता तेलाची वेळ आली. भिरंडेल काढण्यासाठी कोकमाच्या वाळवलेल्या बिया कुटून पाण्यात उकळतात. वर आलेली चरबी गार झाली की घट्ट, पांढरट गोळा होतो. टाचेच्या भेगांसाठी तो पुष्कळ घरांत असतो. नखाने खरवडून वाटाण्याएवढा तुकडा घ्यावा, दोन तळव्यांत चोळून पूर्ण वितळवावा आणि अंघोळीनंतर ओलसर त्वचेवर अलगद टेकवत पसरावा; कडक तुकडा थेट कातडीवर घासू नये. गोळा खवट झाला असेल, तर तो वापरू नये. भिरंडेल नसेल तर ताजे खोबरेल दिवसातून दोनदा पुरते.

पुन्हा उन्हात जाताना

नवी कातडी पूर्ण तयार होईपर्यंत, साधारण दोन-तीन आठवडे, ती जागा कपड्याने झाकावी. गोवा उत्तर अक्षांश १५ अंशांच्या आसपास असल्यामुळे मेच्या आरंभी आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. ऑगस्टमध्ये ढगांमुळे आपण निर्धास्त असतो, पण विरळ ढगांतून बरेचसे अतिनील किरण खाली येतात. डिसेंबरच्या सुखद हवेतही दुपारी त्वचा भाजते. छत्रीखाली बसले तरी वाळूवरून आणि लाटांच्या फेसावरून किरण परावर्तित होऊन पोहोचतात.

सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत लांब बाह्यांचा सुती कपडा आणि रुंद काठाची टोपी घालावी. स्कूटर चालवणाऱ्यांनी हातमोजे वापरावेत. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चे घ्यावे, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटे लावावे, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच पुन्हा लावावे. पूर्ण अंगासाठी एका प्रौढाला सुमारे ३० मिलिलिटर लागते. बहुतेक लोक त्याच्या निम्मेही लावत नाहीत, आणि मग बाटलीवरच्या आकड्याइतके संरक्षण मिळत नाही. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, केसांचा भांग आणि पावलांची वरची बाजू ही ठिकाणे हमखास राहून जातात. सहा महिन्यांखालील बाळांना सनस्क्रीनऐवजी सावलीत आणि कपड्यातच ठेवावे.